सहावीतल्या लेकीसोबत घरी इलेक्ट्रॉनिक्स सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. सांगलीत गावभागात राहते, लेक यंदा सहावीत गेलीय. तिला कुठलीही वस्तू उघडून बघायचं वेड आहे, रिमोटची गाडी झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं, परवा मिक्सर उलटा करून स्क्रू मोजत बसली होती तेव्हा म्हटलं आता काहीतरी नीट सुरू करून द्यायलाच पाहिजे.

मुद्दा असा की पाऊस लागला आणि दर वर्षीसारखं घरात "आयर्विनला किती फुटावर आहे" सुरू झालं. म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलंय ते. सांगलीकरांना सांगायला नको, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्या नदीकाठच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही बालवाडीत होती, आम्ही तिला घेऊन माहेरी विट्याला गेलो होतो, परत आलो तर भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. नंतर रंग दिला तेव्हा सासऱ्यांनी एका कोपऱ्यात ती रेघ तशीच ठेवायला लावली. तर आता ती म्हणते आई मला असं यंत्र बनवायचंय की पाणी ४० ला आलं की पिवळा दिवा लागेल आणि ४५ ला आलं की लाल दिवा आणि भोंगा. मी हो म्हणाले.

माझं बीकॉम झालंय, विजेचं ज्ञान फ्यूज बांधण्यापुरतं. मिस्टर बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. म्हणून इथे विचारतेय. ऑनलाइन दीड-दोन हजारांची किट दिसतात ती घ्यावीत का सुटे पार्ट घ्यावेत? सोल्डरिंग (तापलेल्या टोकाने कथील वितळवून पार्ट जोडणं) या वयात द्यायचं का? जुन्या मोबाईल चार्जरची वायर कापून त्यावर चालवलं तर सेलचा खर्च वाचेल का? आणि पार्ट सांगलीत मिळतात का पुण्याहून मागवावे लागतात?

मिरज रेडिओवाला

ताई पहिलं काम म्हणजे तो चार्जर कापायचा विचार डोक्यातून काढून टाका. मी ३५ वर्षं रिपेअरिंग करतोय, रेडिओपासून एलईडी टीव्हीपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळं सांगतो ते ऐका. हलक्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये जे अंतर पाहिजे ते नसतंय, आत काही बिघडलं तर पोरीच्या हातातल्या वायरवर घरातली लाईट येणार. पोरांच्या प्रयोगाला फक्त सेल. पेन्सिल सेल नाहीतर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, त्यापलीकडं काही नको. भिंतीच्या बोर्डात पिन घालायची वेळच यायला नको.

दुसरं, उघडून बघायची आवड आहे म्हणताय तर तिला भंगार द्या की. बंद पडलेला रिमोट, सेलवरचं खेळणं, जुनं घड्याळ, डीव्हीडी प्लेअर पण चालेल, फक्त त्यातला मेन लाईट येते तो बोर्ड आधी काढून कुणा जाणत्याकडं द्या. खेळण्यातली मोटर, स्पीकर, स्विच, वायरी सगळं कामाला येतं. पण जुना डबड्या टीव्ही, मायक्रोवेव्ह, सीएफएल आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश या चार वस्तू कितीही दिवस बंद असल्या तरी पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत, आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो आणि टीव्हीच्या काचेच्या नळीत तर हजारो व्होल्ट असतात. फुगलेली मोबाईलची बॅटरी पण नको, त्याला टाचणी लागली तरी पेट घेती.

दिवाळीची बंद पडलेली एलईडीची माळ असेल तर त्यातले एलईडी कापून घ्या, चांगले निघतात, फुकटात पंचवीस-तीस मिळून जातात. पण ती माळ सरळ २३० वर चालते हे लक्षात ठेवा, कापायच्या आधी पिन बोर्डातून काढलेली पाहिजे, आणि कापल्यावर परत कधी बोर्डात घालायची नाही.

एलईडीचं एवढंच समजावून सांगा, लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस, आणि माळेतून काढलेल्याचे पाय सारखेच असतील तर टोपीची कड जिथं चपटी दिसते ती मायनसची बाजू. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या-निळ्याला ३. ९ व्होल्टवर सरळ लावला की एका क्षणात जातो. म्हणून मध्ये रेझिस्टन्स, म्हणजे करंट अडवणारा छोटा पार्ट. हिशोब पोरीकडून करून घ्या, ९ वजा २ म्हणजे ७ व्होल्ट उरले, ते आपल्याला रेझिस्टन्सवर घालवायचे, करंट १५ मिलिअँपिअर पाहिजे तर ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम, बाजारात ४७० चा मिळतो. त्याच्यावर पिवळा-जांभळा-तपकिरी पट्टे असतात. सहावीच्या पोरीला भागाकार येतो, तिला कळलं की हा भागाकार केला नाही तर दिवा जळतो की मग ती तुमच्यापेक्षा भराभर करेल.

पार्ट सांगली-मिरजेत मिळतात. रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन विचारा, रेझिस्टन्स रुपया-आठ आण्याला, ट्रान्झिस्टर दोन-तीन रुपयांना, कुणी नाही म्हणत नाही, उलट पोरगी सोबत असली तर दोन जास्तच देतील. कोल्हापूरला मोठी दुकानं आहेत. पुण्याला जाणं झालं तर तपकीर गल्लीत सगळंच मिळतंय.

कराडची ताई

वर काकांनी सगळं छान सांगितलंय पण एक राहिलं म्हणून लिहिते. घरात अजून लहान मूल आहे का? असेल तर त्या चपट्या नाण्यासारख्या बटन सेलपासून लांब राहा. एलईडीचे प्रयोग म्हटलं की सगळ्या व्हिडिओत तोच सेल दाखवतात कारण त्याच्यावर एलईडी रेझिस्टन्सशिवाय सरळ लागतो, दिसायला सोपं. माझ्या बहिणीच्या दोन वर्षांच्या मुलाने तो गिळला होता. थोरल्याने शाळेसाठी चमकणारं भेटकार्ड बनवलं होतं त्यातला. नशिबाने थोरल्याने बघितलं आणि लगेच ओरडला, तासाभरात एक्सरे काढून दुर्बिणीने बाहेर काढला. डॉक्टर म्हणाले हा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या भागात त्यातून करंट वाहायला लागतो आणि तिथे तीव्र अल्कली तयार होऊन आतून भाजतं, दोन तासांत सुद्धा जखम होते. सेल उतरलेला असला तरी होतं. उलटी काढायची नाही, वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

त्या दिवसापासून आमच्या घरात पेन्सिल सेलच. जाड असतो, सहजासहजी गिळला जात नाही. आणि सगळे पार्ट झाकणाच्या डब्यात, डबा वरच्या फळीवर.

जत मास्तर

ताई, तुमच्या मुलीने जे मागितलंय ते मी आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या मुलांकडून दोन वर्षांपूर्वी करून घेतलंय, फरक एवढाच की आमच्याकडे जतला पूर कुठला, आमची मुलं म्हणाली सर टाकी भरून वाहायला लागली की वाजलं पाहिजे, पाणी वाया जायला नको. सर्किट तेच. त्यामुळे अवघड नाही, होईल.

पण एकदम तिथे उडी मारू नका. आधी दोन-तीन रविवार नुसतं खेळू द्या. पेन्सिल सेल दोन, १०० ओहमचा रेझिस्टन्स आणि एक लाल एलईडी, वायरीच्या ऐवजी चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या पुठ्ठ्यावर चिकटवून. मग तिला सांगा पट्टी मधेच कापून तिथे घरातली एक एक वस्तू ठेवून बघ, चमचा, खडू, पेन्सिलीचं शिसं, ओला कपडा, लिंबू. कुठे लागतो, कुठे मंद लागतो, कुठे लागत नाही, वहीत लिहायला लावा. पेन्सिलीच्या शिशाला मंद लागतो तिथे मुलं थांबतात आणि का म्हणून विचारतात. तो प्रश्न त्यांचा त्यांना पडू द्यायचा, आपण आधी सांगून टाकायचं नाही.

दुसरं म्हणजे साधी मोटर. त्यासाठी इनॅमल (करंट अडवणारा पातळ थर) असलेली तांब्याची तार लागते, ती विकत आणू नका, आपल्याकडे पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानाबाहेर तुकडे पडलेले असतात, मागितले की देतात. दहा-बारा वेढ्यांची गुंडाळी करायची, एका टोकावरचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं आणि दुसऱ्या टोकावरचं फक्त अर्ध्या बाजूचं. हे अर्धं खरवडणं सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण खरवडलं तर गुंडाळी थरथरते पण फिरत नाही. सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना, त्यांच्या भोकात गुंडाळीची टोकं, खाली स्पीकरमधला चुंबक. बोटाने हलकं फिरवून दिलं की सुरू होते. मोटर थांबली की तार लगेच उचलायची, नाहीतर सेल तापतो. अशा गोष्टी बघायच्या असतील तर अरविंद गुप्ता सरांचे व्हिडिओ बघा, त्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली, टाकाऊ वस्तूंतली त्यांची खेळणी मराठीतून सुद्धा बघायला मिळतात.

आता तुमचं पाण्याचं यंत्र. त्यात एकच नवी गोष्ट आहे, ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ घ्या. मी मुलांना असं सांगतो, उसाला पाणी पाजताना आपण दारं धरतो ना, खोऱ्यानं चार मुठी माती इकडची तिकडे केली की अख्ख्या पाटाचं पाणी दुसऱ्या सरीत वळतं. माणसाची ताकद किती आणि पाटाची किती, पण दारं धरणाऱ्याच्या हातात पाट. ट्रान्झिस्टरमध्ये मधला पाय म्हणजे बेस हा दारं धरणारा गडी, त्याच्यातून अगदी थोडा करंट गेला की बाकीच्या दोन पायांमधून त्याच्या शंभर-दोनशे पट करंट जातो. नदीच्या पाण्यातून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर दिवा लागत नाही, पण बेसला तेवढा पुरतो.

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या मायनसला. बॅटरीच्या प्लसपासून ४७० चा रेझिस्टन्स, मग एलईडी, मग कलेक्टर. बॅटरीच्या प्लसपासून अजून एक वायर सरळ बरणीच्या तळाला पाण्यात. बेसला १ के, म्हणजे हजार ओहमचा रेझिस्टन्स (तपकिरी-काळा-लाल) आणि त्याच्यापुढे वायर, ती ४० फुटांच्या खुणेवर. पाणी तिथे पोचलं की तळाची वायर आणि वरची वायर पाण्यातून जोडल्या जातात आणि दिवा लागतो. ४५ साठी असाच दुसरा ट्रान्झिस्टर, त्याला एलईडीच्या जोडीला बझर म्हणजे छोटा भोंगा, तळाची वायर दोघांना एकच. सोल्डरिंगची गरज नाही, ब्रेडबोर्डवर (भोकांचा बोर्ड, पार्टचे पाय नुसते खुपसायचे) करा, ऐंशी-शंभर रुपयांत मिळतो आणि पुढे वर्षानुवर्षं वापरता येतो. किटवर दोन हजार घालवू नका, त्यात सूचनेप्रमाणे जोडलं की चालतं आणि मग ते कपाटात जातं.

मिरज रेडिओवाला

मास्तर दारं धरायचं उदाहरण लई आवडलं, मी आजपर्यंत नळाच्या तोटीचं देत होतो.

सोल्डरिंगचं मात्र माझं मत वेगळं आहे. मी वडिलांच्या दुकानात नवव्या वर्षी सोल्डर मारायला शिकलो. २५ वॉटची गन, लाकडी टेबल, शेजारी वडील. पूर्वी पितळेच्या भांड्याला डाग लावणारे गावात यायचे त्यांच्याकडं सुद्धा पोरं बसून शिकायची. हाताला एकदा ते वळण लागलं की आयुष्यभर राहतं. ब्रेडबोर्डवरची वायर आज निघती उद्या निघती, पोरांचा हिरमोड होतो.

कराडची ताई

काका राग मानू नका पण सहावीच्या मुलीच्या हातात तीनशे अंशांच्या वर तापलेलं टोक आणि आई पहिल्यांदाच हे सगळं करतेय, तुमच्या वडिलांसारखं जाणतं माणूस शेजारी नाही. शिवाय त्या सोल्डरच्या तारेत शिसं, पेन्सिलीतलं नव्हे, खरं विषारी धातूचं शिसं असतं ना?

मिरज रेडिओवाला

असतं ताई, साध्या तारेत ६० टक्के कथील ४० टक्के शिसं. धूर निघतो तो शिशाचा नाही, आतल्या फ्लक्सचा, पण तो पण नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी आणि पंखा बाजूला. काम झालं की साबणानं हात धुवायचे आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, जाणतं माणूस पाहिजेच. कृष्णाकाठच्या ताईंनी पोरीला एखाद्या रविवारी मिरजेला कुठल्याही दुकानात घेऊन यावं, अर्धा तास शेजारी बसून शिकवायला कुठलाही कारागीर तयार होईल. तोवर ब्रेडबोर्ड.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं. तीन रविवार झाले, सांगते काय काय झालं ते.

चांदीच्या कागदाचं पहिल्या दिवशीच झालं. तिने एकतीस वस्तू लावून बघितल्या, वहीत तक्ता आहे. पेन्सिलीच्या शिशावर थांबली हे मास्तरांनी सांगितलं तसंच झालं, पण त्याच्या पुढे जाऊन तिने आखूड पेन्सिल आणि लांब पेन्सिल अशा दोन्ही तासून लावल्या आणि लांबवर दिवा जास्त मंद लागतो हे तिचं तिने शोधलं. मला तो दिवस फार आवडला.

मोटर फिरायला दोन दिवस गेले. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली होती. इथलं परत वाचलं, नवी तार घेतली, अर्धं खरवडलं, फिरली. शेजारच्या काकूंनाही बोलावून दाखवली.

पाण्याचं यंत्र अडलंय. खाऊच्या दुकानातून उंच प्लास्टिकची बरणी आणली, तिने एक फूट म्हणजे अर्धा सेंटिमीटर असं माप ठरवलं, म्हणजे ४० फूट २० सेंटिमीटरवर आणि ४५ फूट साडेबावीसवर, कागदाची पट्टी बाहेरून चिकटवली. पिवळा दिवा छान लागतो. लाल लागतच नाही आणि पाणी नसताना बझर मात्र बारीक कुंई करतो. शिवाय परवा तिने बेसची वायर तपासायला म्हणून थेट प्लसला लावली, ट्रान्झिस्टर एकदम गरम झाला, तिच्या बोटाला चटका बसला आणि तो ट्रान्झिस्टर गेला. घाबरली नाही पण तोंड पडलं. आता काय करू?

बंड्या ईएनटीसी

मावशी, मी सांगलीतच इंजिनिअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. ट्रान्झिस्टर जळाला म्हणजे तिथे १ के चा रेझिस्टन्स लावायचा राहून गेला होता, सगळा ९ व्होल्टचा जोर बेसवर आला. वाईट वाटून घेऊ नका, आम्ही कॉलेजला अजूनही जाळतो. तिला जळालेला ट्रान्झिस्टर वहीत चिकटवून खाली काय झालं ते लिहायला सांगा.

लाल का लागत नाही याला दोन कारणं असू शकतात. एक, दुसरा ट्रान्झिस्टर खरंच बीसी ५४७ आहे का बघा, चपट्या बाजूवर लिहिलेलं असतं, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा. दुकानदार कधी कधी त्याच्याऐवजी दुसरा देतात आणि त्याचे पाय उलट क्रमाने असतात, मग कलेक्टरच्या जागी एमिटर येतो आणि तो असाच धड ना चालू ना बंद राहतो. दोन, ब्रेडबोर्ड लांब असेल तर कडेची प्लस-मायनसची लाईन मध्ये तुटलेली असते. लाल-निळ्या रेघेत मधे गॅप दिसतोय का बघा. असेल तर दोन्ही अर्ध्या वायरने जोडायला लागतात, नाहीतर दुसऱ्या अर्ध्या भागाला बॅटरीच पोचत नाही. माझा पहिल्या वर्षी अख्खा तास यात गेला होता.

बझर घेताना आत सर्किट असलेला घ्या, म्हणजे बॅटरी लावली की आपोआप वाजणारा. दुसरा प्रकार सारखाच दिसतो पण त्याला बाहेरून सिग्नल द्यावा लागतो, तो नुसता टक् करतो.

आणि एक सांगतो, लोक लगेच आर्डुइनो (प्रोग्रामवर चालणारा छोटा बोर्ड) घ्या म्हणतील. सध्या नको. त्यात दिवा लागला नाही तर वायर चुकली का प्रोग्राम चुकला ते मुलांना कळत नाही. याच्यापुढचं पाऊल म्हणून ५५५ टायमर घ्या, ठराविक वेळाने चालू-बंद करणारी छोटी चिप, १९७२ पासून बाजारात आहे आणि अजून दहा-पंधरा रुपयांत मिळतो. १० के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की दिवा साधारण सेकंदाला एकदा मिचकावतो. ४५ फुटांचा लाल दिवा मिचकावणारा करता येईल.

कृष्णाकाठची

बंड्या, तुझी दोन्ही कारणं खरी निघाली बाळा. ट्रान्झिस्टर दुसऱ्याच नंबरचा होता आणि बोर्डाची लाईन मध्ये तुटलेली होती. कॅमेऱ्याने नंबर तिनेच वाचला. आता दोन्ही दिवे लागतात आणि बझर असा वाजतो की सासरे आतून "आलं काय पाणी" म्हणत बाहेर आले. त्यांनी मग तिला जवळ घेऊन २०१९ ची सगळी हकीगत सांगितली, कुठल्या पायरीपर्यंत किती वाजता आलं ते, तिने ते सगळं बरणीवर लिहून घेतलं. ५७ च्या जागी तिने नुसती काळी रेघ मारलीय. तिथे दिवा का नाही विचारलं तर म्हणाली तिथपर्यंत येईल तेव्हा आपण घरात नसणार ना, दिवा बघणार कोण.

आता तिचे तीन प्रश्न आहेत, मी जसेच्या तसे लिहिते. एक, प्यायच्या आरओच्या पाण्यात दिवा मंद आणि बझर बारीक वाजतो, आणि बोअरच्या पाण्यात जोरात, पाणी तर दोन्ही पाणीच आहे. दोन, दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की वरच्या वायरीवर बारीक बुडबुडे येतात आणि तळाची वायर चार दिवसांत हिरवी पडली. तीन, पाणी काढून घेतलं तरी बझर थोडा वेळ वाजतच राहतो.

जत मास्तर

ताई तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. हे तीन प्रश्न आठवी-नववीच्या पुस्तकातले आहेत आणि तिने ते बरणीत शोधले.

करंट पाण्यातून जातो तो त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. आरओने क्षार काढून टाकलेले असतात म्हणून पाणी करंटला अडवतं आणि बेसला कमी मिळतो. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ज्यांच्या बादलीवर पांढरा थर बसतो त्यांना माहीत आहे. तिला आता नदीचं, नळाचं, बोअरचं, पावसाचं असं पाणी एकेका वाटीत घेऊन कुठल्यात किती उजेड हे बघायला सांगा. पावसाचं पाणी पत्र्यावरून आलेलं नको, थेट भांड्यात धरलेलं. दोन वायरींमधलं अंतर सगळ्या वाट्यांत सारखं ठेवायला लावा, नाहीतर तुलना होणार नाही. आपल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात उसाला पाणी जास्त देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या विहिरीचं पाणी कुणाकडून मिळालं तर ते पण लावून बघा.

बुडबुडे म्हणजे हायड्रोजन, मायनसकडच्या वायरीवर येतो, म्हणजे तुमच्याकडे बेसच्या. तळाची वायर प्लसला आहे म्हणून तिचं तांबं पाण्यात विरघळतं आणि हिरवं दिसतं. ते पाणी झाडाला किंवा माशाला घालू नका. आणि मुलांना लवकर परिणाम दिसावा म्हणून मीठ घालायचा मोह होतो, ते जास्त वेळ ठेवू नका, मिठाच्या पाण्यात क्लोरीन पण तयार होऊ शकतो, थोडाच, पण नको.

मिरज रेडिओवाला

हिरवं पडू नये म्हणून वायरीच्या टोकाला स्टीलचा स्क्रू लावा, हार्डवेअरमध्ये स्टेनलेसचा मागा, साधा पॉलिशचा गंजतो. नाहीतर पोरीला आवडती ती पेन्सिल, दोन्ही टोकं तासून शिसं पाण्यात, ते विरघळत नाही. आणि बॅटरीला एक स्विच लावा, बघायचं तेव्हाच चालू. खऱ्या टाकीवर लावायचं असेल तर मास्तरांनी केलं तसं टाकी भरली तरच वायर भिजावी अशा उंचीवर ठेवा, मग ती दिवसभर कोरडीच राहती आणि वर्षभर टिकती.

पाणी काढल्यावर वाजतंय कारण बरणीच्या आतल्या बाजूला ओलावा धरून राहतो आणि तेवढ्यातून पण करंट जातो. वायरी बरणीच्या भिंतीला चिकटवल्या असतील, त्या सुट्या करा आणि झाकणातून खाली लोंबत्या सोडा. वरची वायर आणि तळाची वायर एका बाजूला नको, समोरासमोर. वायरीचं प्लास्टिक टोकाला अर्धा सेंटिमीटरच सोला, जास्त नको.

मीटर असेल तर वाटीतल्या पाण्याचा रेझिस्टन्स मोजायला जाऊ नका, आकडा सारखा हलत राहतो, एका जागी ठरत नाही, पोरीला वाटेल मीटर बिघडलं. एलईडीचा उजेडच बरा.

बंड्या ईएनटीसी

आरओच्या पाण्यात पण जोरात वाजायला पाहिजे असेल तर दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक लावा, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोघांचे कलेक्टर एकत्र. मास्तरांच्या भाषेत एक गडी दुसऱ्या गड्याला हाक मारतो आणि दुसरा दारं धरतो. पटीवर पट लागते, शंभर गुणिले शंभर. फक्त मग तो इतका हळवा होतो की ओल्या बोटांनी दोन वायरी धरल्या तरी वाजतो. ९ व्होल्ट आहे, काही होत नाही, तिला ते करून बघायला आवडेल.

कृष्णाकाठची

स्टीलचे स्क्रू आणले, वायरी झाकणातून सोडल्या, पाणी काढल्यावर बझर आता दोन-तीन सेकंदांत बंद होतो. ओल्या बोटांचं तिने कालच केलं आणि घरातल्या सगळ्यांची बोटं लावून कुणाच्या हाताला जास्त जोरात वाजतो त्याचा तक्ता सुरू झालाय, आजोबांची बोटं कोरडी म्हणून वाजतच नाही, मग त्यांनी हात धुऊन परत लावला.

मिस्टर शनिवारी येतायत, तेव्हा नदीचं पाणी आणायला माई घाटावर जायचं ठरलंय, बाटलीला दोरी बांधून, काठाला मी धरणार आणि ती नाही, हे आधीच कबूल करून घेतलंय. काका, पुढच्या रविवारी मिरजेला येतोय, सोल्डरिंगला. सोबत मी बसणार आणि मलाही शिकायचंय.